दुकानाच्या नावाचा कॅसेट डेक: निवड, दुरुस्ती आणि सुरात आणणं

अमेरिकेतल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, किंवा घरातला जुना माल विकणाऱ्या गराज सेलमध्ये पायनियर, टेक्निक्स, आकाई ही नावं दिसली की ती लगेच उचलली जातात. त्यांच्याच शेजारी ‘एलएक्सआय’ किंवा ‘एमसीएस’ लिहिलेला, ॲल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीचा एखादा कॅसेट डेक पडून राहतो. ज्याला टेप डेकची दुरुस्ती शिकायची आहे त्यानं नेमका हाच डेक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

एलएक्सआय हे सिअर्सचं नाव, एमसीएस म्हणजे ‘मॉड्युलर कंपोनंट सिस्टिम्स’ हे जेसी पेनीचं, आणि ‘एअरलाइन’ हे माँटगोमरी वॉर्डचं. कपड्यांपासून फ्रिजपर्यंत सगळं विकणारी ही मोठी दुकानं. ती जपानी कारखान्यांकडून माल बनवून घ्यायची आणि त्यावर स्वतःचं नाव लावायची. सिअर्ससाठी सान्योनं पुष्कळ माल बनवला. एमसीएसच्या नावाखाली एनईसीचा आणि मात्सुशिताचा, म्हणजे टेक्निक्स ज्यांचं होतं त्यांचा, माल विकला गेला. त्यामुळे नाव दुकानाचं असलं तरी झाकण उघडल्यावर आत त्या काळातली चांगली जपानी यंत्रणा मिळण्याची शक्यता मोठी असते.

मूळ निर्माता कोण, हे शोधणं हा दुरुस्तीचाच भाग आहे. सिअर्सच्या वस्तूवर मागच्या बाजूला मॉडेल क्रमांक असतो, त्यात टिंबाच्या आधीचे तीन अंक म्हणजे निर्मात्याचा संकेत. ५६४ असेल तर माल सान्योचा. इतर दुकानांच्या डेकसाठी झाकण उघडून यंत्रणेचा फोटो काढा आणि त्याच सुमाराच्या नामांकित डेकच्या फोटोंशी ताडून पाहा. फ्लायव्हील (बेल्टनं फिरणारं जड चाक), मोटार आणि चाकांची मांडणी जुळली, तर त्या डेकचं सर्व्हिस मॅन्युअल आणि बेल्टची मापं बहुतेक वेळा तुमच्याही उपयोगी पडतात.

कोणता घ्यावा

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला, समोरून कॅसेट घालायचा, पियानोच्या पट्ट्यांसारखी दाबायची बटणं असलेला, एकाच मोटारीचा आणि दोन हेडचा (हेड म्हणजे फितीवरचा आवाज भरणारा, वाचणारा किंवा पुसणारा भाग) डेक नवशिक्यासाठी सर्वांत बरा. त्यात बटण दाबलं की कोणता दांडा कुठे सरकतो हे डोळ्यांनी दिसतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलेले दोन कॅसेटचे, ऑटो रिव्हर्सचे (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारे) डेक सुरुवातीला टाळा. त्यांतले प्लास्टिकचे दातेरी गिअर चिरतात आणि तसाच सुटा गिअर मिळणं कठीण जातं.

घेताना डेक चालतो का, याला मी फार महत्त्व देत नाही. हेड बघा. कॅसेटचं दार उघडून टॉर्च मारा. हेडच्या चकचकीत पृष्ठभागावर फितीनं खणलेली खोल पायरी नखाला लागत असेल तर तो डेक सोडा. हेड गुळगुळीत असेल आणि बटणं, नॉब, दार जागेवर असतील, तर बाकीचं बहुतेक सगळं दुरुस्त होतं.

भारतात आणलेला डेक असेल तर

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला डेक आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर असतो. त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. तो सरळ आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका, ट्रान्सफॉर्मर जळेल. २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. डेक वीज फार कमी खातो, त्यामुळे १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुष्कळ झाला. प्रवासात केस वाळवायच्या यंत्रासाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर मात्र वापरू नका, तो अशा उपकरणांसाठी नसतो.

दुसरा प्रश्न हर्ट्झचा. डेकची मोटार डीसी असेल, म्हणजे लहान गोल डबीसारखी आणि सर्किट बोर्डावरून वीज घेणारी, तर ५० हर्ट्झनं वेगात फरक पडत नाही. जुन्या, विशेषतः वरून कॅसेट घालायच्या काही डेकमध्ये थेट मेन्सवर चालणारी मोठी एसी मोटार असते. तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० च्या जागी ५० मिळाले की वेग सुमारे १७ टक्के घटतो आणि गाणं तीन अर्धस्वरांहूनही (पेटीच्या लगतच्या तीन पट्ट्यांहूनही) थोडं जास्त खाली उतरतं. अशा डेकला मोटारीच्या दांड्यावरची पुली बदलावी लागते, आणि ती मिळणं सोपं नाही. म्हणून घेण्याआधी मोटार बघा.

उघडण्याआधी

प्लग काढा. डेक नुसता बंद केला म्हणून भागत नाही, कारण पुष्कळ डेकमध्ये पुढच्या पट्टीवरच्या स्विचपर्यंत मेन्सची वायर आलेली असते. वायरचं आवरण तडकलेलं असेल तर ती आधी बदला. आतल्या ट्रान्सफॉर्मरची मेन्सकडची बाजू आणि फ्यूज कुठे आहे ते ओळखून ठेवा. डेक चालू ठेवून काही जुळवाजुळव करायची वेळ येईल तेव्हा हात तिकडे जाता कामा नये.

हत्यारं थोडीच लागतात: चांगल्या टोकाचे फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, कापसाच्या काड्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, हलकं मशीन ऑइल, थोडं पांढरं ग्रीस. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरिन असतं. आणि गंज सोडवायचा स्प्रे तेल म्हणून वापरू नका. तो पसरतो, रबरावर जातो आणि उडून गेल्यावर बेअरिंग पुन्हा कोरडं पडतं.

स्क्रू काढायच्या आधी आणि प्रत्येक थर सुटल्यावर फोटो काढा. पुढची पट्टी काढण्यासाठी नॉब सरळ ओढायचे, आणि कॅसेटच्या दाराचं पारदर्शक झाकण बहुतेक वेळा दार उघडं ठेवून वर सरकवलं की निघतं. जोर लावावा लागत असेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असं समजा.

आधी रबर

‘मेलेले’ म्हणून विकले जाणारे बहुतेक डेक इलेक्ट्रॉनिक बिघाडानं मेलेले नसतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रबर मरतं, ग्रीस घट्ट होतं, स्विचच्या काँटॅक्टवर काळा थर चढतो. तपासणीचा क्रमही हाच ठेवा: रबर, ग्रीस, स्विच, आणि हे सगळं झाल्यावरच इलेक्ट्रॉनिक्स. नवे लोक उलट्या बाजूनं सुरू करतात, सगळे कपॅसिटर बदलत बसतात, आणि शेवटी डेक बेल्टपाशीच अडलेला असतो.

लक्षणं वाचायला शिका. मोटारीचा आवाज येतो पण काहीच फिरत नाही, याचा अर्थ मुख्य बेल्ट तुटला, सैलावला किंवा वितळला. कॅपस्टन, म्हणजे फीत ओढणारा धातूचा दांडा, फिरतो पण उजवीकडचं चाक फिरत नाही, तेव्हा डेक फीत खातो: त्या दांड्यावर फीत दाबणारा रबरी पिंच रोलर तिला पुढे ढकलत राहतो, ती गुंडाळणारं कुणी नसतं, मग ती रोलरभोवती अडकते. या कारणासाठी पहिली चाचणी नेहमी टाकाऊ कॅसेटवर करा.

एक लक्षण फसवं आहे. प्ले दाबल्यावर डेक चार-पाच सेकंद व्यवस्थित चालतो आणि खट्‌कन थांबतो. अनेक डेकमध्ये फीत संपली हे ओळखणारी यंत्रणा काउंटरच्या चाकाशी जोडलेली असते. काउंटरचा तो बारीक बेल्ट तुटला की चाक फिरत नाही, डेकला वाटतं फीत संपली, आणि तो थांबतो. दोष एका दोरीएवढ्या रबरात असतो आणि माणूस मोटार बदलायला निघतो.

वितळलेला बेल्ट म्हणजे डांबरासारखा चिकट काळा राडा. हातमोजे घाला, कारण तो डाग बोटांवरून आणि कपड्यांवरून लवकर निघत नाही. आधी लाकडी काडीनं जाड थर खरवडा, मग अल्कोहोलनं पुली आणि फ्लायव्हीलची कड पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. थोडा जरी राडा राहिला तरी नवा बेल्ट तिथे गचके देतो आणि आवाज थरथरतो.

नव्या बेल्टचं माप असं काढा. बेल्ट ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं दोरा फिरवून लांबी मोजा. त्यातून ५ ते ८ टक्के वजा करा, कारण बेल्ट थोडा ताणलेला हवा. उरलेल्या लांबीला ३.१४ नं भागलं की आतला व्यास मिळतो. समजा दोरा २४० मिलिमीटर भरला. ६ टक्के वजा जाता साधारण २२६ उरले, आणि व्यास आला ७२ मिलिमीटर. कॅपस्टनचा बेल्ट चपटा असतो, चार-पाच मिलिमीटर रुंद. काउंटरचा आणि गुंडाळणाऱ्या चाकाचा बारीक चौकोनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत असे बेल्ट विचारून पाहता येतील, परदेशात ऑनलाइन मिळतात. ऑफिसमधला रबर बँड लावू नका. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि ती असमानता तंबोऱ्याच्या सुरात लगेच ऐकू येते.

आयडलर नावाचं छोटं चाक मोटारीची गती गुंडाळणाऱ्या चाकाकडे पोचवतं. त्याच्या कडेला रबरी टायर असतो. तो कडक आणि चकचकीत झाला की घसरतो. अल्कोहोलनं पुसा, बारीक पॉलिश पेपरनं त्याची चमक मारा. तरीही घसरला तर त्याच मापाची ओ-रिंग (गोल रबरी कडी) बसवा. पिंच रोलरही असाच बघा. त्यावरची तपकिरी चकाकी म्हणजे वर्षानुवर्षं फितीवरून झडलेला ऑक्साइड. तो निघतो, पण रबरच दगडासारखं झालं असेल तर रोलर बदलण्याला पर्याय नाही.

ग्रीस आणि तेल

बटण दाबलं की अर्ध्यावर अडकतं किंवा स्टॉप दाबल्यावर परत येत नाही, याचं कारण बहुधा मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस असतं. त्यावर नवं ग्रीस थापू नका. जुनं अल्कोहोलनं पूर्ण काढा, सरकणाऱ्या दांड्यांना पातळसा नवा थर द्या. कॅपस्टनच्या बेअरिंगला हलक्या तेलाचा एकच थेंब. जास्तीचं पुसून टाका, कारण तेल कॅपस्टनच्या दांड्यावर चढलं तर फीत घसरेल, आणि बेल्टवर गेलं तर सगळी मेहनत वाया.

स्विच आणि हेड

एका बाजूचा आवाज गायब, किंवा येतो-जातो, किंवा मधूनच कर्कश शिट्टी. हेड स्वच्छ असूनही असं होत असेल तर संशय रेकॉर्ड-प्ले स्विचवर घ्या. बोर्डावर असलेला हा लांबट सरकता स्विच एकाच वेळी अनेक जोड बदलतो आणि रेकॉर्ड बटणाच्या दांड्यानं सरकतो. वर्षानुवर्षं हात न लागल्यामुळे त्याचे काँटॅक्ट काळे पडतात. डेकचा प्लग काढा, स्विचच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि रेकॉर्ड बटण वीस-तीस वेळा दाबा-सोडा. कॅसेट नसताना रेकॉर्ड बटण खाली जात नाही. कॅसेटच्या जागेत मागे एक छोटी जीभ असते, ती बोटानं दाबून धरली की ते जाईल. लेव्हलच्या नॉबनाही तोच फवारा द्या. माझ्या मते या सबंध छंदात इतक्या कमी कष्टात इतकं फळ देणारं दुसरं काम नाही.

हेड आणि कॅपस्टन अल्कोहोलच्या काडीनं पुसा, काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. मग डिमॅग्नेटायझर, म्हणजे हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणारं साधन. डेक बंद, सगळ्या कॅसेट लांब. साधन हाताच्या अंतरावर चालू करा, सावकाश हेडजवळ न्या, सावकाश मागे आणा, आणि पुन्हा हाताच्या अंतरावर आल्यावरच बंद करा. हेडजवळ असताना बंद केलं तर हेड उलट चुंबकीय होऊन बसतं.

वेग आणि कोन

आता डेक चालतो. तो सुरात आहे का, हे पाहायचं आहे.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १९६३ मध्ये फिलिप्सनं ही कॅसेट बाजारात आणली तेव्हापासूनचं हे माप. ३००० हर्ट्झचा स्वर भरलेली टेस्ट कॅसेट मिळते. ती वाजवा आणि फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप लावा. ३० हर्ट्झ इकडे-तिकडे म्हणजे १ टक्का, आणि तेवढं चालून जातं. बेल्ट नवा आणि बेअरिंग तेल घातलेलं असूनही फरक जास्त असेल तर मोटारीच्या पाठीमागचं छोटं भोक शोधा. आत वेगाचा स्क्रू असतो. प्लास्टिकच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरनं तो अगदी थोडा फिरवायचा.

टेस्ट कॅसेट नसेल तर आपल्याकडच्या माणसाला एक चांगली वाट आहे: पेटी. ज्या ध्वनिमुद्रिकेची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे, तिची कंपनीनं छापलेली कॅसेट लावा आणि सा पेटीवर ताडून पाहा. काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये लागत असेल तर डेक जवळजवळ ६ टक्के हळू आहे.

हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, हा भाग मात्र धीरानं करायचा. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक स्क्रू असतो, त्यावर बहुधा रंगाचा थेंब लावून तो पक्का केलेला असतो. हेड फितीला काटकोनात नसेल तर वरचे सूर, झांज, चिपळ्या, ‘स’ आणि ‘श’, सगळं पडद्यामागून आल्यासारखं बोथट होतं. डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारी सोय, बंद करा. आवाज मोनो करा, कारण मोनोमध्ये कोनातला दोष ठळक होतो. मग स्क्रू जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवत सर्वांत उजळ जागा शोधा. इथे कंपनीनं भरलेली कॅसेटच वापरा. याच डेकवर भरलेली कॅसेट वापराल तर ती डेकच्या जुन्या चुकीच्या कोनालाच बरोबर म्हणेल. जागा सापडली की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

ऐकताना

या डेकवर डॉल्बी बी बहुधा असतं. ते वरच्या सुरांतली खरखर सुमारे १० डेसिबलनं कमी करतं, पण रेकॉर्ड करतानाही ते चालू असेल तरच. डॉल्बीशिवाय भरलेल्या कॅसेटला डॉल्बी लावलं की गाणं दबतं. त्या वेळी बंद ठेवा, खरखर कानाला लवकर सवयीची होते. फितीचा प्रकार निवडायचा स्विचही बघा: साध्या फेरिक कॅसेटसाठी ‘नॉर्मल’, क्रोमसाठी ‘क्रोम’. मेटल फीत १९७९ च्या सुमारास आली, त्याआधीचा डेक ती वाजवेल पण तिच्यावर नीट रेकॉर्ड करू शकणार नाही.

सुयांचे व्हीयू मीटर हे या डेकचं खरं वैभव. मागचे दिवे गेले असतील तर त्याच व्होल्टेजचे छोटे बल्ब शोधा. एलईडी लावता येतात, पण तो पिवळसर उबदार उजेड जातो, म्हणून मी बल्बच्या बाजूनं आहे. रेकॉर्ड करताना लक्षात ठेवा की सुई आवाजाची सरासरी दाखवते, क्षणाचा तडाखा दाखवत नाही. गायन असेल तर सुई शून्याला टेकू द्या. तबला किंवा पखवाज असेल तर ती उणे तीनच्या आसपास ठेवा.

जपून ठेवलेली कॅसेट लावताना

पुष्कळ मराठी घरांत, इथे आणि अमेरिकेतही, आजीच्या ओव्या, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, बारशाचा गलका असं काही फितीवर असतं आणि त्याची दुसरी प्रत नसते. ती कॅसेट दुरुस्त डेकवर पहिल्याच दिवशी लावू नका. आधी काही दिवस टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून डेकची खात्री करून घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेचं छोटं प्लास्टिकचं पान मोडलं की तिच्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही; ते मोडलेलं नसेल तर आधी मोडा.

खिडकीतून फितीचा गुंडा बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, कोकणात आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ठेवलेल्या कॅसेटवर ती हमखास येते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती पुढच्या कॅसेटलाही लागते, आणि भुकटी श्वासात जाणं बरं नाही. हेडसमोर येणाऱ्या भागात पितळी पट्टीवर लोकरीची बारीक गादी असते ना, तीही तपासा. डिंक सुकून ती गळून पडलेली असते, आणि तिच्याविना आवाज कमी-जास्त होत राहतो. अशा वेळी स्क्रूनं उघडणारी रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही फिरक्या फितीसह तिच्यात हलवा. सी-१२० कॅसेटची फीत फक्त ९ मायक्रॉन जाड असते, ती पुढे-मागे पळवणं शक्य तितकं टाळा.

वाजवायच्या आधी कॅसेट एकदा सावकाश टोकापर्यंत आणि परत गुंडाळून घ्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात. लाइन आउटमधून आरसीए केबल संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला (बाहेरचा आवाज संगणकात घेणाऱ्या साधनाला) जोडा आणि पहिल्याच वाजवण्यात रेकॉर्ड करा. त्या कॅसेटपुरता ॲझिमथ कानानं पुन्हा जुळवावा लागला तर जुळवा, कारण ती ज्या डेकवर भरली गेली त्याचा कोन वेगळा असू शकतो. काम झालं की स्क्रू आधीच्या जागी आणा. त्यासाठी सुरुवातीलाच स्क्रूच्या खाचेची दिशा पेनानं खूण करून ठेवलेली बरी.

डेक वापरात नसला तरी महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. बेल्ट एकाच जागी वाकून बसला की तिथे खाच पडते आणि आवाजात ठेका धरल्यासारखी लचक येते. प्ले दाबलेलं असतानाच वीज बंद करून डेक तसाच सोडू नका, आधी स्टॉप दाबा, नाहीतर पिंच रोलरवर कॅपस्टनचा खड्डा उमटतो.